गाडीची कॅट काढली ती चूक होती, आता परत बसवतोय. विरोध असेल तर कारणासकट सांगा

शहापूरकर_२२ (धागाकर्ता)
गाडी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची, २३० पीएसवाली. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका गॅरेजात तीन इंची स्टेनलेस डाउनपाइप (टर्बोतून धूर मागं नेणारा पाइप) बसवून घेतला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू मारणारी कॅट, काढला. ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) मॅप, म्हणजे सेटिंग, बदलला. गाडी जबरदस्त ओढायला लागली, हे मी नाकारत नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन चोर्ला रस्त्यानं गोव्याला निघालो. जांबोटीच्या पुढं गाड्यांची रांग लागली, पाऊस थांबला होता म्हणून काचा अर्ध्या खाली. दहा मिनिटांत आई म्हणाली, "डोकं धरलंय रे, पेट्रोलचा वास येऊलाय बघ." मला तो वास येतच नव्हता, सवय झाली होती. घरी आल्यावर मागचा बंपर बघितला. टेलपाइपच्या बरोबर वर तळहाताएवढा डाग, बोट फिरवलं तर काजळी.

दुसऱ्या दिवशी पीयूसीला गेलो, म्हटलं नळी नीट आतपर्यंत घाल. इंजिन गरम असताना आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के. बीएस ४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ ची आहे.

आता त्याच डाउनपाइपमध्ये २०० सेलची (चौरस इंचात २०० भोकांची) मेटल कॅट बसवणार आहे. गल्लीत आमच्या दारातून लोकांची पोरं शाळेला जातात, त्यांच्या तोंडावर हा धूर सोडायचा मला हक्क नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटवाला_केए२२
भावना समजली, पण पैसे फुकट घालवूलास. फुल थ्रॉटलला ईसीयू मिश्रण रिच करतो, जास्तीचं पेट्रोल घालतो. तिथं ऑक्सिजनच शिल्लक नसतो, मग कार्बन मोनॉक्साइड जाळायला कॅट आणणार कुठून? म्हणजे जिथं गाडी खरी धूर सोडते तिथंच कॅट कामाची नाही. वर टर्बोच्या तोंडाशी अडथळा. टर्बोच्या मागं वाट जितकी मोकळी, तितका तो लवकर फिरतो, हे शास्त्र आहे. आणि सकाळी गल्लीतून निघताना कॅट थंडच असते. २५०-३०० अंश झाल्याशिवाय ती जागी होत नाही.

शहापूरकर_२२
फुल थ्रॉटलचं बरोबर आहे. पण मला सांग, दिवसातून किती मिनिटं तू फुल थ्रॉटलला असतोस? बेळगावात गोगटे सर्कल ते आरपीडी क्रॉस, सिग्नल, रिक्षा, कॉलेजची गर्दी. तिथं इंजिन एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरून चालतं आणि नेमकं त्याच प्रमाणात कॅट तिन्ही वायू मारते: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनचे ऑक्साइड. घाटातल्या दोन मिनिटांसाठी गावातला तास सोडून द्यायचा का?

थंड कॅटचं म्हणशील तर म्हणूनच ती टर्बोला चिकटून बसवतात, सीटखाली नाही. सकाळी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर आरपीएम वर राहतो ना, तो कॅट तापवायलाच असतो. माझ्या मॅपमध्ये तेही बंद केलं होतं. हे मला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही.

निपाणी_हायवे
मला हा सगळा विषयच अन्यायाचा वाटतो. हंगामात संकेश्वर, निपाणीला या. उसाचे ट्रॅक्टर काळा लोट सोडत जातात, मागं दहा गाड्या त्यात अंघोळ करतात. त्यांना कोण विचारतंय? आणि रविवारी दोन तास गाडी काढणाऱ्याला ज्ञान. आधी तिथून सुरुवात करा, मग आमच्याकडं या.

शहापूरकर_२२
ट्रॅक्टरवर तक्रार कर, मी सही करतो. पण त्याचा काळा धूर दिसतो म्हणून तू काच वर घेतोस. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माझ्या आईनं काच वर घ्यावी हे तिला कळणार कसं?

उद्यमबाग_टिग
मी स्टेनलेसचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर. कॅट बसवायला माझा विरोध नाही, ज्या पद्धतीनं लोक बसवतात त्याला आहे.

महिन्याला एखादी तरी गाडी येते, "कॅट बसवली पण चार महिन्यांत गेली" म्हणून. कापून बघितली की आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते ती वितळून गोळा झालेली. एकदा तर तुकडे सुटून मागच्या सायलेन्सरात खुळखुळत होते. कारण जवळजवळ नेहमी एकच: फटाका मॅप. पाय उचलल्यावर फाडफाड आवाज यावा म्हणून पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळायचं. ते कॅटच्या आत जळलं की संपलं. मिसफायर (इंजिनात पेट्रोल न जळताच बाहेर पडणं) असेल तर तेच. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थरावर बसतो आणि कॅट हळूहळू मरते, बाहेरून काही दिसत नाही.

शहापूरकर, तुमच्या गाडीचे फटाके मी खानापूर रोडवर ऐकलेत. तो मॅप काढणार नसाल तर कॅट बसवूच नका. पैसे माझ्याकडंच येणार आहेत, तरी सांगतोय.

दुसरं, कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून लांब धरणारी कडी) लावून पुढं सरकू नका. कॅट कमी पडली की दिवा लावून सांगायचं काम त्या सेन्सरचं आहे. स्पेसर लावला की तो आंधळा. वाट अडण्याची भीती मात्र जरा जास्तच पसरवलीय. कंपनीची सिरॅमिक कॅट ४००-६०० सेलची असते, ही २०० ची. धातूचा पत्रा कागदासारखा पातळ, त्यामुळं भोकं मोठी. कॅटची बॉडी पाइपपेक्षा रुंद घ्या, चार इंची, आणि दोन्हीकडं निमुळता कोन द्या. लोक तीन इंची पाइपला तीन इंची कॅट घेतात आणि मग पॉवर गेली म्हणतात.

घाटवाला_केए२२
रुंद बॉडीचं पटलं. माझ्या मित्राची कॅट पाइपाएवढीच होती, आणि वरच्या आरपीएमला गाडी गुदमरायची. पण फटाके काढायचे, मॅप बदलायचा, कॅट घ्यायची, मग मूळ गाडी काय वाईट होती? मॉडिफिकेशन ज्याच्या त्याच्या हौसेचं असतं. तू हौस मारून कर्तव्य घेऊलास.

शहापूरकर_२२
हौस मारत नाही. टर्बो तोच, पाइप तोच, आवाज थोडा खाली येईल. फटाके जाणार आणि ते जावेतच. रात्री अकराला गल्लीत ते फोडत मी आलोय, शेजारचे काका हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी होते. त्यांनी तक्रार केली नाही, नुसती खिडकी लावून घेतली. ते माझ्या अजून डोक्यात आहे.

खानापूरकर_काका
कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० (२): प्रदूषण किंवा आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. आपण सीमेवरची माणसं. सकाळी चंदगड, दुपारी बेळगाव, संध्याकाळी गोवा. राज्य बदललं तरी हा कायदा केंद्राचा, तिन्हीकडं लागू.

आणि एक. १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीची झाली. शिशाच्या पेट्रोलनं ती खराब होते, म्हणून पेट्रोलमधलं शिसं काढायची निकड आली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये ते देशभरातून गेलं. माझी पोरं त्या सुमारास शाळेत होती. कॅट काढून फेकताना एवढं लक्षात असू द्या पोरांनो.

निपाणी_हायवे
काका, तुमचा मान ठेवून सांगतो, ट्रॅक्टरचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण फटाका मॅप माझ्याही गाडीत आहे आणि त्यावर कॅट आहे. टिगभाऊ, उघडून बघायला लागेल का?

उद्यमबाग_टिग
उघडायच्या आधी रबरी हातोडीनं हलकं ठोकून बघा, गाडी पूर्ण थंड असताना. खुळखुळ आली तर सरळ घेऊन या.

शहापूरकर_२२
ठरलं. बुधवारी मॅप उतरवतो, मागचा सेन्सर परत चालू करून घेतो, रविवारी वेल्डिंग. घाटवाला, तू शनिवारी सकाळी आणि सोमवारी सकाळी मोकळा आहेस का? एकाच पीयूसी मशीनवर आधीचा आणि नंतरचा आकडा काढूया, आयडलला आणि २५०० आरपीएमला. पावत्यांचे फोटो इथंच टाकतो. घाटात गाडी कशी ओढते ते तू चालवून सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

घाटवाला_केए२२
येतो. पण चढावर ओढत नसेल तर तसंच लिहिणार.