अनुभव धागा : कृष्णाकाठच्या सपाट वाटा (वाई, मेणवली, धोम, बावधन)

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, पण चढउतार नकोत. वाईच्या माणसाला हे पाळणं अवघड. जिकडे मान वळवावी तिकडे डोंगर. पांडवगड, सोनजाई, पलीकडे पाचगणीचं पठार, वर मांढरदेव. चालायला जायचं म्हणजे वर चढायचं, हेच लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आता सहा महिने झाले, मी खालून चालतेय, कृष्णेच्या काठाकाठानं. पन्नास वर्षं ज्या गावात काढली ते गाव नव्यानं दिसतंय.

म्हणून हा धागा काढते आहे. या खोऱ्यातल्या ज्या सोप्या वाटा तुमच्या पायाखालच्या आहेत त्या लिहा. कुठून निघालात, सावली आहे का, म्हाताऱ्या माणसाला जमेल का, वाटेत कोण भेटलं. किल्ल्यांवर पुष्कळांनी लिहिलंय, ते इथे नको.

सुरुवात माझ्यापासून. सकाळी साडेसहाला गणपती घाटावरून निघते. ढोल्या गणपतीला हजार वेळा हात जोडले असतील, पण देवळाची मागची भिंत कधी थांबून पाहिली नव्हती. ती माशासारखी निमुळती आहे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली देऊळ बांधलं, तेव्हा पुराचं पाणी भिंतीवर न आदळता दोन्ही अंगांनी फाकून जावं म्हणून ती तशी घेतली. नदीकडच्या बाजूनं बघितलं की लगेच कळतं.

तिथून मेणवली साधारण तीन किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण उजाडता उजाडता फारशा गाड्या नसतात. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून नदीवर उतरलं की तो अर्धगोल घाट लागतो. पायऱ्या रुंद आहेत, मला काठी टेकत उतरता येतात. मेणेश्वराच्या देवळाशेजारी एका छोट्या दगडी बांधणीत मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली. जवळ जाऊन बघा, तिच्यावर कडेवर बाळ घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे. परवा पहाटे मी तळवा टेकवला तर बर्फासारखी गार. मी तिथे पायरीवर बसून डबा खाते आणि परत फिरते. येता-जाता सहा किलोमीटर.

आता तुम्ही लिहा.

—

चिमुकलीचा बाबा, पुणे

काकू, फार बरं केलंत धागा काढून. आमची लेक पाच वर्षांची आहे. तिला गडावर न्यायचं तर अर्धा गड माझ्या खांद्यावर होतो. म्हणून आम्ही धोम निवडलं. वाईपासून सात-आठ किलोमीटर आहे, तिथवर गाडीनं गेलो आणि मग गावातून पायी.

नरसिंहाच्या देवळाच्या आवारात महादेवासमोरचा नंदी पाहिलाय ना? तो दगडी कासवाच्या पाठीवरच्या मंडपात बसलाय, आणि ते कासव हौदात आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हौद कोरडा होता, लेक म्हणाली, "कासव दमलंय." पुन्हा गेलो तेव्हा हौदात पाणी होतं, आणि खरोखर कासव नंदीला घेऊन पोहत चालल्यासारखं दिसत होतं. ती अर्धा तास हलेना. शेवटी पुजारीकाकांनी तिला कमळाच्या आकाराचा हौद दाखवायला नेलं, तेव्हा कुठे उठली.

तिथून नदीच्या अंगानं शेतांमधून जेमतेम दीड किलोमीटर चाललो. तेवढ्यात तिनं एकोणीस गोगलगायी मोजल्या. लहान मुलं बरोबर असतील तर याहून मोठा बेत करू नका. परतताना त्यांचेही पाय बोलायला लागतात.

—

मेणवलीची सून

ताई, तुम्हाला मी रोज बघते. निळा स्कार्फ ना? आमची हळद रस्त्याच्या खालच्या बाजूला, नदीकडे आहे.

मी फिरायला म्हणून कधी गेले नाही, पण या वाटांवर दिवसातून चार वेळा चालते, म्हणून लिहिते. सध्या आमच्याकडे हळदीची काढणी चालू आहे. पाला आधी कापून घेतात, मग रान खणतात. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. गड्डे पुढच्या लागणीला बेणं म्हणून ठेवायचे, हळकुंडं शिजवायला घालायची. शिजली का नाही हे बघायला बारीक काडी टोचायची. काडी आरपार गेली की उतरवायची. जास्त शिजली तर रंग जातो, कमी शिजली तर वाळल्यावर आतून कच्ची राहते आणि व्यापारी लगेच ओळखतो. मग पंधरा दिवस उन्हात.

या दिवसांत संध्याकाळी कुणी आमच्या बाजूनं गेलं तर तो वास अंगाला लागल्याशिवाय राहत नाही. माझ्या धाकट्या नणंदेला मुंबईत दोन वर्षं झाली. आली की आधी चुलाणापाशी येऊन उभी राहते, मग घरात.

फिरणाऱ्यांना एवढंच सांगणं. बांधावरून चाला, त्याला कुणाची ना नाही. पण हळद वाळत घातलेल्या ताडपत्रीवरून जाऊ नका, चपलेची माती लागते. आणि बांधावर तूर दिसली तर चार शेंगा मागून घ्या, तोडून नको. मागितल्या तर ओंजळभर मिळतील.

—

पाणपक्षी

धोम धरणाच्या पाण्याकाठी थंडीत चक्रवाक येतात. भगव्या अंगाची बदकं, जोडीनं. दुर्बीण असेल तर उत्तम, नसली तरी रंगावरून ओळखता येतात. मेणवलीच्या घाटावर खंड्या आणि धोबी हे पक्षी हमखास. सकाळी आठच्या आत जा.

—

सातारची शिक्षिका

एक सावधगिरीचा अनुभव सांगते. मागच्या जानेवारीत आम्ही चौघी मैत्रिणी नदीच्या पात्रातूनच चालत होतो. पाणी घोट्याएवढं, मध्ये वाळूचे आणि दगडांचे पट्टे. एका पट्ट्यावर बसून भाकरी सोडली. पलीकडच्या काठावर एक मेंढपाळ आजोबा मेंढरं हाकत होते. ते मोठमोठ्यानं ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, मेंढरांना हाका घालताहेत. मग त्यांनी काठी उगारून वरच्या अंगाला दाखवलं. वरून पाणी सोडलेलं होतं. पुरासारखा लोंढा नव्हता, पण ज्या पट्ट्यावर आम्ही बसलो होतो त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी बघता बघता गुडघ्यावर आलं. भाकऱ्या तिथेच टाकून, एकमेकींचे हात धरून कशाबशा काठावर आलो. आजोबा रागावले, "पोरींनो, नदी निजलेली दिसली तरी तिच्या अंथरुणात बसू नये."

तेव्हापासून आम्ही काठ सोडत नाही. धरणाखालच्या नदीत पाणी ढगांना विचारून येत नाही, हे मला वर्गात शिकवता येत होतं, पण कळलं त्या दिवशी.

—

बावधनकर, सध्या ठाणे

सोनेश्वर ते बावधन. आमच्या बगाडाची वाट. (बगाड म्हणजे यात्रेत बैलांनी ओढायचा उंच लाकडी गाडा.)

रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड सोनेश्वरला कृष्णेच्या काठावरून निघतं आणि बैल ते शेताशेतांतून ओढत गावात आणतात. त्या दिवशी चालायला जागा नसते, गर्दीत पाय उचलला की ठेवायला जमीन मिळत नाही. मी सांगतोय ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं. ज्या रानांतून बगाड गेलेलं असतं तिथे लाकडी चाकांचे चर उमटलेले असतात. ते चर धरून उलटं चालायचं, गावातून नदीकडे. चढ नाहीच म्हणा ना.

माझे वडील ही वाट दरवर्षी चालायचे आणि कुठे बैल अडले, कुठे जोडी बदलली, ते चरांवरून सांगायचे. चर खोल असला की इथे थांबलं होतं. कडेची माती उसकटलेली असली की इथे नवी जोडी जुंपली. मी तेव्हा कंटाळायचो. आता ते नाहीत, आणि मी माझ्या मुलाला तेच दाखवतो, पण मला त्यांच्याइतकं वाचता येत नाही.

रानाचे मालक काही बोलत नाहीत. उलट ज्याच्या रानातून नाथाचं बगाड गेलं तो आनंदानं सांगतो.

—

लीड्सहून, मूळ पाचवड

सगळं वाचून घसा दाटला. इथे यॉर्कशायरमध्ये आम्ही वार्फ नदीच्या खोऱ्यात रविवारी चालतो. बोल्टन ॲबीपाशी नदीत ओळीनं दगड मांडलेत, एकेका दगडावर पाय देत पलीकडे जायचं. इथे खाजगी शेतातूनसुद्धा पायवाटेनं जायचा हक्क असतो. खांबावर पिवळा बाण असतो आणि त्या वाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात. शेतकरी फाटक ठेवतो, आपण उघडून पुन्हा लावायचं.

दोन वर्षांपूर्वी गावी आले, तर आजीबरोबर ज्या वाटेनं ओढ्यावर जायचे तिथे कुणीतरी प्लॉट घेऊन तारेचं कुंपण घातलेलं. शेजारचे म्हणाले, आता वरच्या रस्त्यानं जा. आपल्याकडे पायवाटेची कुठे नोंदच नसते का?

—

निवृत्त तलाठी

बाई, असते. बत्तीस वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. गावाचा नकाशा काढून पाहा. त्यावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. नकाशाची नक्कल भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मिळते.

पूर्वापार वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. लोक इथेच चुकतात. शेजारधर्म म्हणून वर्षभर गप्प बसतात आणि मग येतात. मला कितीतरी जणांना परत पाठवावं लागलं आणि दर वेळी वाईट वाटलं. शेतात जायलाच वाट नसेल तर महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं आहे, ते शेतकऱ्यांसाठी.

आजीची वाट नकाशावर आहे का, ते गावातल्या कुणाला तरी आधी पाहायला सांगा. एकेरी तुटक रेघ शोधा. आणि ज्यांच्या वाटा अजून चालू आहेत त्यांनी त्या चालत्या ठेवा. वाट मोडली, तिच्यावर घाणेरी माजली, की अडवणाऱ्याला सांगायला सोपं जातं की इथे कधी वाट नव्हतीच.

—

लीड्सहून, मूळ पाचवड

काका, चुलतभावाला आत्ताच फोन केला. सोमवारी तो नक्कल काढायला जातोय.

—

धागाकर्ती

आज मेणवलीहून परतताना रस्ता सोडला आणि पहिल्यांदाच हळदीच्या बांधावर उतरले. भीत भीतच, कारण बांध अरुंद आणि माझा गुडघा नवा. मेणवलीच्या सूनबाईंनी लांबूनच ओळखलं आणि हात धरून चुलाणापर्यंत नेलं. काडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, टोचून बघा. मी टोचली, अर्ध्यात अडली. "अजून दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. तेवढा वेळ आम्ही दोघी उलट्या पाटीवर बसून होतो. दुसऱ्यांदा काडी आरपार गेली.

बोटं अजून पिवळी आहेत. उद्या येताना त्यांच्यासाठी तुरीच्या शेंगांचा मसालेभात घेऊन जाणार आहे, शेंगा त्यांच्याच बांधावरच्या.

बावधनकर, रंगपंचमीनंतर याल तेव्हा कळवा. सोनेश्वरापर्यंत माझा गुडघा येईल असं वाटतं.