मदत हवी आहे: शार्कला कॅन्सर होत नाही म्हणून बाबांसाठी कॅप्सूल आणल्यात, काकांना काय सांगू?

नमस्कार. बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. परवाच चौथी सायकल झाली. काल काका भेटायला आले ते हातात एक मोठा पांढरा डबा घेऊनच. आत शार्कच्या कूर्चेच्या (आपल्या कानात-नाकात असते तशा मऊ, लवचीक हाडाच्या) कॅप्सूल. काकांचं म्हणणं एकच, "शार्कला कधीच कॅन्सर होत नाही, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय."

बाबांनी डबा उशाशी ठेवलाय. अजून उघडला नाही, पण रात्री दोनदा तो हातात घेऊन लेबल वाचताना मी त्यांना पाहिलं. ऑपरेशनच्या रात्री काका माझ्याबरोबर पहाटेपर्यंत बाकावर बसून होते. त्यांना तोंडावर "हे खोटं आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. गप्पही बसवत नाही.

शार्कला खरंच कॅन्सर होत नाही का? होत असेल तर ही गोष्ट एवढी पसरली कशी? आणि केमो चालू असताना हे घेतलं तर काही बिघडेल का? नीट माहिती असलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

होतो. शार्कला कॅन्सर होतो. 2004 साली अमेरिकेतल्या ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शार्क आणि त्यांच्या जवळच्या माशांमधल्या 42 गाठींची नोंद एकत्र करून छापली. त्यात कूर्चेतल्या गाठीसुद्धा आहेत, हे काकांना जरूर सांगा. जी कूर्चा कॅन्सर रोखते म्हणून डब्यात भरली जाते, तिच्यातच गाठ होते. 2013 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या एका मोठ्या पांढऱ्या शार्कबद्दल अहवाल आला. त्याच्या खालच्या जबड्यावर फूटभर लांब, फूटभर रुंद गाठ होती. त्याचा फोटो काकांना दाखवा, शब्दांपेक्षा लवकर पटेल.

पण काका काही हवेतून बोलत नाहीयेत, या समजुतीला मूळ आहे. गाठ वाढायची तर तिला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. हा विचार अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडला. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिच्यात त्यांना अडवणारं काही असेल का? 1975 मध्ये फोकमन आणि हेन्री ब्रेम यांनी सशाच्या डोळ्यात गाठीचा तुकडा आणि त्याच्याजवळ कूर्चेचा तुकडा बसवून पाहिलं. एरवी बारीक लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्या गाठीकडे सरकत येतात, कूर्चा जवळ असताना त्यांची वाढ रोखली गेली. ती कूर्चा सशाच्या पिल्लांची होती, शार्कची नव्हे! शार्ककडे संशोधक नंतर वळले, कारण त्याचा अख्खा सांगाडाच कूर्चेचा. 1983 मध्ये ॲन ली आणि रॉबर्ट लँगर यांना शार्कच्या कूर्चेच्या अर्कातही तोच गुण दिसला.

इथपर्यंत सगळं खरं आणि फार सुंदर विज्ञान आहे. पुढे 1992 मध्ये विल्यम लेन यांचं 'शार्कला कॅन्सर होत नाही' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं, 1993 मध्ये अमेरिकन टीव्हीवर त्यावर कार्यक्रम झाला आणि कूर्चेची पावडर धडाक्यात खपू लागली. डोळ्यात ठेवलेला अर्क आणि तोंडाने गिळलेली पावडर यांतला फरक मात्र कुणी सांगितला नाही. गिळलेली प्रथिनं पोटात पचून जातात. ती जशीच्या तशी गाठीपर्यंत कशी पोहोचणार?

प्रतिसाद २

मी औषधांच्या क्षेत्रात आहे, म्हणून माणसांवरच्या चाचण्यांबद्दल लिहिते. 1998 मध्ये 60 रुग्णांना कूर्चा देऊन पाहिली, काहीच फायदा दिसला नाही. 2005 मधली चाचणी तुमच्या बाबांच्या आजाराशी थेट संबंधित आहे: स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर बळावलेले 83 रुग्ण, काहींना कूर्चा, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची पावडर. दोन्हीकडे आयुष्य सारखंच. 2010 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 379 रुग्णांवरचा निकाल छापून आला. तिथे तर साधी पावडर नव्हती, खास तयार केलेला अर्क होता. अर्क घेणाऱ्यांपैकी निम्मे 14.4 महिन्यांहून जास्त जगले, न घेणाऱ्यांपैकी निम्मे 15.6 महिन्यांहून जास्त. हा फरक अर्क वाईट ठरवण्याइतका मोठा नाही, पण उपयोग नाही हे स्पष्ट आहे.

बिघडण्याबद्दल: या कॅप्सूलमधून कॅल्शियम बरंच जाऊ शकतं, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर मळमळ, थकवा, बद्धकोष्ठ होतं. केमोच्या रुग्णाला हेच सगळं केमोमुळेही होतं, त्यामुळे कारण ओळखायला उशीर होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको.

प्रतिसाद ३

ताई, आमच्या आईने असंच काहीतरी चालू केलं होतं आणि डॉक्टर रागावतील म्हणून आम्ही सगळ्यांनी लपवलं. महिनाभर तिच्या उलट्यांवर औषधं बदलत राहिले. शेवटी तिनेच सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आधी सांगायला हवं होतं." ते वाक्य मला अजून टोचतं. काकांशी वाद घालू नका, त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबा, काका आणि मी तिघं डबा घेऊन डॉक्टरांकडे गेलो. काकांनी स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी लेबल वाचलं, नको म्हणाले आणि का ते शांतपणे सांगितलं. रक्तवाहिन्या रोखण्याच्या त्याच विचारातून पुढे खरी औषधं तयार झाली, त्यातलं बेव्हॅसिझुमॅब 2004 पासून आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी वापरात आहे, बाबांना सध्या त्याची गरज नाही, असंही म्हणाले. हे ऐकून काकांचा चेहरा जरा सैल झाला.

परतताना गाडीत त्यांनी तो जबड्यावरच्या गाठीचा फोटो माझ्याकडून मागून घेतला आणि बराच वेळ मोठा करकरून पाहत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या सायकलला मी येतो बरोबर, तू सुट्टी घेऊ नकोस."