शब्दचर्चा : ‘झॉम्बी’ला ‘वेताळ’ म्हणता येईल का?

प्रश्न

‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ खेळातील झॉम्बी मोडच्या (चालत्या प्रेतांशी लढण्याच्या प्रकाराच्या) उगमाविषयी आणि त्यामागील कथेविषयी मी मराठीत सविस्तर लिहीत आहे. २००८ साली ट्रेयार्क या कंपनीने केलेल्या ‘वर्ल्ड ॲट वॉर’ या भागात हा प्रकार प्रथम आला आणि त्याच्या पहिल्या नकाशाचे (खेळाच्या जागेचे) नाव जर्मनमध्ये ‘नाख्ट डेर उन्टोटेन’ असे होते. दर वाक्यात ‘झॉम्बी’ लिहिणे खटकते, म्हणून ‘वेताळ’ लिहावे असे मनात आहे. ‘उन्टोटेन’ आणि ‘सर्व्हायव्हल’ यांनाही नेमके शब्द हवे आहेत. जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर

‘वेताळ’ लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वेताळ प्रेतात शिरतो हे खरे. पण तो बोलतो, गोष्ट रचतो, राजाला पेचात टाकतो आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतो. त्याला बुद्धी आहे आणि स्वतःची लहरही आहे. झॉम्बीपाशी नेमके तेच नसते.

झॉम्बी हा शब्द हैतीचा. त्याचे मूळ किकोंगोसारख्या आफ्रिकी भाषांत शोधले जाते. फ्रेंचांच्या ऊसमळ्यांवर मरेपर्यंत राबणाऱ्या गुलामांना मरण हीच सुटका वाटत असे. म्हणून मांत्रिकाने प्रेत उठवावे आणि मेल्यावरही त्याला कामाला जुंपावे, यापेक्षा भयंकर कल्पना त्यांच्यासाठी दुसरी नव्हती. हा झॉम्बी कोणाच्या अंगावर धावून जात नाही, कोणाला खातही नाही. भय असते ते आपणच झॉम्बी होण्याचे. (हैतीच्या क्रिओल भाषेतील उच्चार ‘झोंबी’च्या अगदी जवळचा आहे, परंतु झुंज या अर्थाच्या आपल्या ‘झोंबी’शी त्याचा काहीही संबंध नाही, आणि घोटाळा टाळण्यासाठी ‘झॉम्बी’ हेच लेखन ठेवावे.)

माणसे खाणारी, कोणीही धनी नसलेली प्रेते ही पुढची गोष्ट. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटात ती दिसली, मात्र तेथे त्यांना ‘घूल’ हा अरबीतून आलेला शब्द वापरला आहे, झॉम्बी हे नाव त्यांना नंतर चिकटले.

आपल्या खेळाचा पहिला नकाशा याच दुसऱ्या अर्थाचा आहे. एक पडकी वास्तू, खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या, त्या एकेक करून उपटणारे हात, आणि हाती पिस्तूल व ५०० गुण घेऊन आत उभा असलेला खेळाडू; फळी परत बसवली की १० गुण. कथा जवळपास नाहीच. ती पुढे ‘डेर रीझे’सारख्या नकाशांतील ध्वनिमुद्रणांतून तुकड्यातुकड्यांनी उलगडत गेली: ग्रुप ९३५ ही संशोधकांची संघटना, डॉ. लुडविग मॅक्सिस, त्याची मुलगी समॅन्था, दगाबाज एडवर्ड रिख्तोफेन आणि प्रेतांना चालवणारे मूलद्रव्य ११५. (हे मूलद्रव्य प्रत्यक्षातही आहे, २०१६ साली त्याला मॉस्कोव्हियम हे नाव मिळाले.) माझ्या मते यातील सर्वांत मोलाचा तपशील डोळ्यांचा आहे. समॅन्थाच्या ताब्यातील झॉम्बींचे डोळे पिवळे असतात. २०११च्या ‘मून’ या नकाशात सूत्रे रिख्तोफेनच्या हाती जातात आणि डोळे निळे होतात. धनी बदलला की डोळे बदलतात. म्हणजे चित्रपटाने काढून टाकलेला धनी या कथेने परत आणला आणि शब्द आपल्या हैतीतील अर्थापाशी पुन्हा पोहोचला. हा अर्थ ‘वेताळ’ लिहिताच नाहीसा होईल.

‘उन्टोटेन’ची गंमत वेगळीच आहे. जर्मन ‘उन’ आणि संस्कृत ‘अ’ हे एकाच मूळ उपसर्गाचे वंशज आहेत, आणि ‘टोटेन’ म्हणजे मृत. शब्दशः घडवायला गेलो तर हाती येतो ‘अमृत’, आणि तो तर देवांनी केव्हाच नेला! ‘अर्धमेला’ म्हणजे थकून गळालेला. तेव्हा ‘न-मेलेल्यांची रात्र’ असे साधे रूपच बरे.

पुरवणी मत

धन्याचा अर्थ महत्त्वाचा असेल, तर ‘चेटूक’ या शब्दाकडे पाहावे. संस्कृतात चेट, चेटक म्हणजे दास. तरीही आज ‘चेटूक’ म्हटले की करणी डोळ्यांसमोर येते, करणीने उठलेला देह नव्हे. म्हणून प्रतिशब्द म्हणून तो चालणार नाही. ‘सर्व्हायव्हल’साठी ‘बचाव’ किंवा ‘जीव वाचवणे’ही नको, कारण त्या पहिल्या नकाशात कोणी वाचतच नाही: फेऱ्या संपत नाहीत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा अवघड होते आणि शेवटी खेळाडू पडतोच. तेथे ‘तग धरणे’ हाच शब्द बसतो, कारण कोठवर हा प्रश्न त्यातच आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘वेताळ’ रद्द केला आहे. ‘झॉम्बी’ कायम ठेवतो आणि जेथे धन्याचा उल्लेख येईल तेथे ‘ताब्यातील प्रेते’ असे लिहितो. लेखाचे पहिले वाक्य आता असे झाले आहे: ‘या रात्री कोणी जिंकत नाही, किती फेऱ्या तग धरला, एवढेच मोजले जाते.’