प्रोजेक्टरवर आवाज येतो, चित्र येत नाही! उद्याच कार्यक्रम, तातडीने मदत हवी आहे

खळ्यातला | शुक्र. रात्री १०:४२
नमस्कार मंडळी. उद्या आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. गावच्या घरी, गुहागरजवळ, खळ्यात कार्यक्रम ठेवलाय. शंभरेक माणूस येईल. त्यासाठी छोटा हातात मावणारा प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला. संध्याकाळपासून त्याच्याशी झटापट चालू आहे. आवाज खणखणीत येतो, चित्र नाही. नुसता काळा पडदा. सगळं नीट जोडलेलं आहे, दहा वेळा बंद-चालू करून झालं. कस्टमर केअर आता सोमवारी उघडणार. 'माहितीपुस्तिका वाचा' असं कृपया सांगू नका, ती चिनीत आहे. कुणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा.

वायरमन | १०:४९
एचडीएमआय केबल बदला. बॉक्समधून येते ती केबल म्हणजे निव्वळ सुतळी असते. दुसरी लावून बघा, लगेच चालेल.

जुनाजाणता | १०:५३
बल्ब गेला. आमच्या कॉलेजात अगदी असंच झालं होतं. पंखा चालू, आवाज चालू, भिंतीवर अंधार. नवा लॅम्प बारा हजारांचा. तेव्हाच प्राचार्यांना म्हटलं होतं, की बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढायचा नाही. पण शिपायाला घाई.

तंत्रमैत्रीण | १०:५८
जुनाजाणता, या छोट्या प्रोजेक्टरांत तुम्ही म्हणता तो लॅम्प नसतोच, एलईडी असतो. तो असा अचानक जाणं कमीच.
धागाकर्ते, मॉडेल कोणतं? काय चालवताय आणि कशावरून चालवताय? लॅपटॉप, फोन, पेनड्राइव्ह? चालू केल्यावर मेनू दिसतो का?

खळ्यातला | ११:०४
मेनू दिसतो की! लोगो दिसतो, सेटिंग दिसतं. बल्ब वगैरे काही गेलेला नाही. आणि केबलचा इथे संबंध काय? पेनड्राइव्ह लावलाय. मॉडेलचं नाव म्हणजे सहा अक्षरं आणि चार आकडे, तुम्हाला कळून उपयोग नाही. बॉक्सवर '४के सपोर्टेड, ९००० लुमेन' लिहिलंय.

वायरमन | ११:०६
पेनड्राइव्ह आहे हे आधी सांगायला काय झालं होतं?

सरळसोट | ११:०९
पेनड्राइव्हच्या भानगडीत पडूच नका. टाइप-सी टू एचडीएमआय केबल घ्या, फोन जोडा, जे फोनवर दिसतं ते भिंतीवर. मी गेल्या गणपतीत सोसायटीत असंच केलं. पाच मिनिटांचं काम.

खळ्यातला | ११:१५
ती केबल आहे. ६५० रुपये घालवलेत. फोनला लावली तर काहीही होत नाही, फोनला पत्ताच नाही की काही जोडलंय. म्हणून तर पेनड्राइव्हवर आलो.

तंत्रमैत्रीण | ११:२१
केबल बहुधा ठीक असेल. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर काढायची सोय फोनमध्येच असावी लागते आणि बजेटमधल्या बहुतेक फोनांत ती नसते. त्यांच्या टाइप-सीतून चार्जिंग आणि फाइली, बस्स. अशा फोनला कुठलीही केबल लावली तरी चित्र येणार नाही. सरळसोट यांचा फोन महागातला असणार.

सरळसोट | ११:२३
माझा फोन किती महागाचा हा इथला विषय नाही. केबल चांगल्या कंपनीची असली की चालते.

तंत्रमैत्रीण | ११:२४
नाही चालत.

काथ्याकूट | ११:३०
पडदा कशाचा केलाय? साधी चादर असेल तर मागून उजेड आरपार जातो आणि निम्मं चित्र मागच्या माडांवर पडतं. दुहेरी घ्या. खालच्या काठाला बांबू किंवा पाइप बांधा, नाहीतर वारा सुटला की नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर लाटा येतात. चुना लावलेली भिंत असेल तर चादरीपेक्षा केव्हाही सरस.

खळ्यातला | ११:३३
पडद्याबद्दल मी विचारलेलंच नाही. भिंतच आहे, गेल्या महिन्यात रंगवलेली.

तंत्रमैत्रीण | ११:३६
पेनड्राइव्हवर एकच फाइल आहे की जास्त? सगळ्याच काळ्या दिसतात का?

खळ्यातला | ११:४४
तीन आहेत. लग्नाच्या फोटोंचा स्लाइड शो (मी केलेला) दिसतो. चुलतभावाने केलेला घराचा व्हिडिओ दिसतो. तिसरा मुख्य, तोच काळा. ताईचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने तिकडच्या सगळ्या नातेवाइकांच्या शुभेच्छा आयफोनवर शूट करून पाठवल्यात. १२ मिनिटांचा आहे. फाइल खराब नाही, माझ्या मोबाइलवर व्यवस्थित दिसते. म्हणजे दोष प्रोजेक्टरचाच ना?

वायरमन | ११:४५
बाकीचे दोन दिसतात???

पॉपकॉर्न | ११:४६
एक तास. एक तास लागला हे वाक्य यायला. बसलोय पाय पसरून, चालू द्या.

तंत्रमैत्रीण | ११:५२
सापडलं बहुतेक. दोष फाइलचा नाही आणि प्रोजेक्टर बिघडलेलाही नाही. २०१७ नंतरचे आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवतात, जागा कमी लागते म्हणून. तुमच्या मोबाइलला ती पद्धत उलगडता येते, स्वस्तातल्या प्रोजेक्टरच्या चिपला बऱ्याचदा येत नाही. आवाजाचा पदर फाइलमध्ये वेगळा असतो आणि तो साध्या पद्धतीचा असतो, म्हणून आवाज येतो. बाकीच्या दोन फाइली एच.२६४ या जुन्या पद्धतीच्या असणार.
भाच्याने फाइल कशी पाठवली? फाइलच्या नावाचा शेवट .एमओव्ही असा आहे का?

खळ्यातला | ११:५८
हो, एमओव्ही. व्हॉट्सॲपवरच पाठवली, पण डॉक्युमेंट म्हणून. मीच सांगितलं होतं तसं. इथेच कुठल्याशा धाग्यावर वाचलं होतं की व्हिडिओ म्हणून पाठवला तर क्वालिटी जाते. ७८० एमबी उतरवायला इथल्या नेटवर दीड दिवस लागला.

गुणवत्ताप्रेमी | शनि. रात्री १२:०५
तो सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. व्हॉट्सॲप व्हिडिओचा चोथा करतं. ओरिजिनल ते ओरिजिनल. आता भलतंसलतं कन्व्हर्ट करून पन्नाशीच्या सोहळ्याचं चित्र पाणचट करू नका. लॅपटॉपला जोडा, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, मूळ फाइल तशीच चालेल.

खळ्यातला | १२:०८
घरात लॅपटॉप नाही. शेजारच्या दादांकडे आहे, पण त्याला ते जुनं निळं पिनांचं व्हीजीए आहे. प्रोजेक्टरला ते भोक नाही.

तंत्रमैत्रीण | १२:१६
गुणवत्ताप्रेमी, एरवी तुमचं म्हणणं मान्य, इथे नाही. खळ्यातला, प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये किंवा बॉक्सच्या बाजूला बारीक अक्षरात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' शोधा, म्हणजे त्याचे स्वतःचे ठिपके किती ते. '४के सपोर्टेड' म्हणजे ४केची फाइल दिली तर तो नाकारत नाही, एवढंच. दाखवताना स्वतःच्या ठिपक्यांत बसवूनच दाखवतो.

खळ्यातला | १२:२१
८५४ बाय ४८० लिहिलंय. म्हणजे?

तंत्रमैत्रीण | १२:२७
म्हणजे गुणवत्तेची काळजी मिटली. याच्यावर काहीही दाखवा, ४८०पीच दिसणार, म्हणजे उभ्यात ४८० ठिपके, बस्स. अमेरिकेत आत्ता दुपारचे तीन वाजलेत, भाच्याला गाठा. त्याच्या लॅपटॉपवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायला सांगा. मूळ फाइल त्यात उघडायची, तयार पर्यायांतून 'फास्ट ४८०पी३०' निवडायचा, स्टार्ट. बाहेर एच.२६४ची एमपी४ फाइल पडेल, मूळ फाइलपेक्षा बरीच लहान. ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवू दे, हरकत नाही.

गुणवत्ताप्रेमी | १२:३०
४८०पीचा प्रोजेक्टर घेतलाच का, हा खरा प्रश्न.

खळ्यातला | १२:३१
कारण तुम्ही पैसे दिले नाहीत. भाच्याला फोन लावतो.

शब्दवेडी | १२:४०
थोडं अवांतर. सगळेच 'प्रोजेक्टर, प्रोजेक्टर' करताय, 'प्रक्षेपक' हा चांगला शब्द आहे. आणि मराठी माणसाला ही वस्तू काही नवी नाही. सिनेमा इथे यायच्याही आधी, १८९२ पासून, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलातून पडद्यावर टाकायची आणि ती अशा खुबीने सरकवायची की पात्रं हलल्यासारखी वाटावीत. रामायण-महाभारतातले प्रसंग, निवेदन, सगळं होतं. 'मॅजिक लँटर्न'ला केवढा देखणा प्रतिशब्द!

पॉपकॉर्न | १२:४३
त्यांची फाइल एच.२६४ होती का?

शब्दवेडी | १२:४४
काच होती. म्हणून कुठल्याही कंदिलात चालायची.

जुनाजाणता | शनि. सकाळी ६:१५
लॅम्पबद्दल माझं चुकलं असेल, पण एक विचारतो. कार्यक्रम किती वाजता?

खळ्यातला | ७:०२
फाइल पहाटे आली. ९४ एमबी फक्त! अजून लावून बघितली नाही, मंडपवाले आलेत. कार्यक्रम साडेपाचला. आधी व्हिडिओ, मग सत्कार, मग जेवण.

जुनाजाणता | ७:१०
वाटलंच मला. अहो, मे महिन्यात तुमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेपाचला उघड्या खळ्यात भिंतीवर काय दिसणार? काहीही नाही. पाहुणे म्हणतील आवाज येतो, चित्र नाही. सत्कार आधी घ्या, व्हिडिओ पावणेआठला.

तंत्रमैत्रीण | ७:१८
जुनाजाणतांना १०० टक्के अनुमोदन. ते ९००० लुमेन मनावर घेऊ नका. उजेडाचं एन्सी लुमेन नावाचं रीतसर माप असतं, त्यात मोजले तर या वर्गातले प्रोजेक्टर दोनशेच्या आसपास भरतात. चित्र किती मोठं करताय?

खळ्यातला | ७:२६
भिंत मोठी आहे, म्हणून १२० इंच करायचा विचार होता. प्रोजेक्टर खाली स्टुलावर ठेवून वर तिरका केलाय. चित्र वर रुंद, खाली अरुंद येतं. ते 'कीस्टोन'ने सरळ केलं, पण आता वरची अक्षरं फिसकटल्यासारखी दिसतात.

तंत्रमैत्रीण | ७:३८
१२० इंच नको. ६०च्या दुप्पट म्हणजे १२०, पण क्षेत्रफळ चौपट होतं आणि तेवढाच उजेड चौपट जागेत पसरतो. ८०वर थांबा. कीस्टोन शून्यावर आणा. तो चित्र आतल्या आत कापून चौकट सरळ करतो, त्यात ठिपके वाया जातात, आणि तुमच्याकडे ते मुळातच कमी आहेत. शिवाय प्रोजेक्टर तिरका असला की चित्राची वरची कड लांब, खालची जवळ, दोन्हीकडे फोकस एकदम लागत नाही. स्टुलावर अजून काहीतरी ठेवून प्रोजेक्टर उंच करा आणि भिंतीसमोर सरळ ठेवा. ८० इंचाला साधारण सव्वादोन-अडीच मीटर अंतर लागेल. चित्र सोडून बाकीचे दिवे बंद, निदान भिंतीजवळचे तरी.

काथ्याकूट | ७:४५
आणि आवाजाचं? शंभर माणसांत त्या डबीचा आवाज दुसऱ्या रांगेत पोचणार नाही. मंडपवाल्याच्या मिक्सरला साध्या वायरने जोडा, इअरफोनच्या भोकातून. ब्लूटूथ नको. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

सरळसोट | ७:५०
ब्लूटूथ चांगल्या कंपनीचा असला तर काही होत नाही.

वायरमन | ७:५८
लाइट गेली तर? घरच्या इन्व्हर्टरच्या लायनीतून बोर्ड घ्या. हा प्रोजेक्टर फार तर एका जुन्या पिवळ्या बल्बाइतका खातो. पण मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर त्या लायनीवर अजिबात लावू नका.

मामी_फ्रॉम_एडिसन | ८:२०
इथे न्यू जर्सीतही असे कार्यक्रम करतो आम्ही, बॅकयार्डमध्ये. डास आणि पाखरं! भिंतीवर एवढा एकच उजेड म्हटल्यावर सगळे किडे लेन्सवर. पंखा लावा बाजूला. आणि हो, आईबाबांना माझा नमस्कार सांगा. मेन्यू काय ठेवलाय?

खळ्यातला | ९:०५
फाइल चालली!!! चित्र आणि आवाज दोन्ही. तंत्रमैत्रीण, तुम्ही जेवायला यायला हवं होतं. मेन्यू: उकडीचे मोदक नाहीत (आचारी म्हणाला सीझन नाही, हे काय कारण झालं?), आमरस-पुरी, वालाची उसळ, सोलकढी.

खळ्यातला | रवि. दुपारी १२:३०
वृत्तांत थोडक्यात. सत्कार आधी घेतला. पावणेआठला सुरू केलं. प्रोजेक्टर धान्याच्या पिंपावर पाट ठेवून त्यावर. ८० इंचच केलं, मागच्यांना थोडं लहान वाटलं, पण दिसत होतं. लाइट सव्वाआठला गेलीच. प्रोजेक्टर चालू राहिला, मंडपाचा स्पीकर बंद. मग प्रोजेक्टर वायरवरून काढून त्याच्याच आवाजावर बाकीची सात मिनिटं ऐकली. कुणी हूं की चूं केलं नाही. आईने आत्याला पहिल्यांदाच नातीबरोबर बघितलं. बाबा स्लाइड शोमध्ये झोपले, पण ते टीव्हीसमोरही झोपतात.
पाखरं आली. एक मोठा पतंग आमच्या जावईबापूंच्या कपाळावर पाच मिनिटं बसून होता, भिंतीवर. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

गुणवत्ताप्रेमी | रवि. दुपारी १:१०
अभिनंदन. मूळ ७८० एमबीची फाइल मात्र जपून ठेवा, डिलीट करू नका.

खळ्यातला | १:१४
हे मात्र ऐकतो.

नवखा_सभासद | बुध. संध्याकाळी ६:४०
वरचा धागा वाचला, छान माहिती. माझी अडचण उलटी आहे. चित्र येतं, आवाज येत नाही. प्रोजेक्टर नवीन आहे, सगळं नीट जोडलंय. उद्या मुलाचा वाढदिवस. प्लीज अर्जंट.

वायरमन | ६:४४
स्पीकर गेला.

तंत्रमैत्रीण | ६:५१
काय चालवताय आणि कशावरून?