आकडा तोच, मदत कमी

अमेरिकेतल्या एका राज्याबद्दल असा दावा केला जातो की त्याने यंदा गरीब कुटुंबांच्या मदतीला कात्री लावलेली नाही, तरतूद गेल्या वर्षीइतकीच आहे. आकडा बरोबर, पण खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेत रोख मदतीचा जो टॅनफ कार्यक्रम आहे, त्याचं केंद्राकडून राज्यांना मिळणारं अनुदान 1996 च्या कायद्याने ठरलं : वर्षाला साधारण 16.5 अब्ज डॉलर. ते महागाईशी जोडलेलंच नाही. म्हणजे कोणी हात न लावताही त्याची खरी किंमत दरवर्षी झिजते.

राज्याने स्वतःचा वाटा घालायचा तोही 1994 च्या खर्चाच्या 75 किंवा 80 टक्के, आणि त्यातही पळवाटा भरपूर. कॉलेजच्या शिष्यवृत्त्या, बालवाडीचा खर्च, इतकंच काय, एखाद्या फूड बँकेने (गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या संस्थेने) स्वतः उभा केलेला पैसासुद्धा काही अटींवर राज्याच्या वाट्यात दाखवता येतो! (हिशेबनीसांचं कौतुक करावं तेवढं थोडं.) त्यामुळे एकूण तरतूद बघून काही कळत नाही. 'रोख मदत' या ओळीपुढे किती रक्कम आहे आणि तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त किती मिळतात, एवढंच शोधा.