शब्दचर्चा: सिंफन्या, कन्चेर्तो आणि 'मूळ पाठ'

प्रश्न

आमच्या संगीतमंडळाच्या त्रैमासिकासाठी फिनिश रचनाकार सिबेलियसवर लेख लिहिते आहे. विषय आहे फिनलंडच्या लाहती सिंफनी ऑर्केस्ट्राची ध्वनिमुद्रणं. संचालक (कंडक्टर) ओस्मो वॅन्स्कॅ, आणि व्हायोलिन कन्चेर्तोमध्ये एकल वादक लेओनिदास कावाकोस. 'सिंफनी'चं अनेकवचन काय करावं? 'मूव्हमेंट'साठी, म्हणजे रचनेतल्या एका स्वतंत्र खंडासाठी, गती, चलन की भाग? सहसंपादकांना कन्चेर्तोसाठी 'व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची जुगलबंदी' असं हवं आहे. माझं मन घेत नाही. आणि सगळ्यांत मोठा पेच: या ऑर्केस्ट्राने याच कन्चेर्तोची १९०४ची आणि १९०५ची अशी दोन्ही रूपं वाजवली आहेत. या 'व्हर्जन'ना काय म्हणायचं?

प्रतिसाद

अनेकवचन 'सिंफन्या'. कंपनी-कंपन्या, बरणी-बरण्या, तसंच. 'सिबेलियसच्या सात सिंफनी' हे अर्धवट वाटतं. कन्चेर्तो पुल्लिंगी ठेवा, अनेकवचनात रूप बदलू नका: एक कन्चेर्तो, दोन कन्चेर्तो, कन्चेर्तोचा, कन्चेर्तोत. 'वॅन्स्कॅ' छान लिहिलंत. फिनिशमधला तो स्वर आपल्या 'ॲ'च्या जवळचा आहे, आणि तो लिहायची सोय देवनागरीत आहे, तर ती वापरायलाच हवी.

प्रतिसाद

'जुगलबंदी' कृपा करून नको. जुगलबंदीत दोन तुल्यबळ कलावंत समोरासमोर बसतात, एकाने टाकलेली जागा दुसरा तिथल्या तिथे उचलतो. कन्चेर्तोत बहुतेक सगळं आधी लिहिलेलं असतं, एकल वादकाचंही आणि वृंदाचंही. आणि 'साथ' म्हणावं तर तेही पुरं पडत नाही. या कन्चेर्तोची सुरुवात ऐका. ऑर्केस्ट्रातली व्हायोलिनं म्यूट लावून, आपसात विभागून, जेमतेम ऐकू येईल अशी झुलत असतात. खाली डी मायनरची बैठक आणि एकल व्हायोलिन त्यावर पहिलाच स्वर धरतं तो 'जी', म्हणजे त्या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत) नसलेला. तो स्वर तिथे टोचतो, आणि टोचतो म्हणूनच पुढची सबंध ओळ ओढली जाते. वृंद खाली तसा स्थिर नसता तर ही गंमत उभीच राहिली नसती. याला साथ म्हणणं म्हणजे वृंदाचं अर्धं श्रेय काढून घेणं. तेव्हा 'कन्चेर्तो' तसाच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना' एवढं जोडा.

'चलन' हा रागसंगीतातला पक्का शब्द आहे, राग कसा चालतो ते सांगणारा. 'गती' म्हटलं की लय डोक्यात येते. दोन्ही अडवतील. 'भाग' पुरेसा आहे. दुसऱ्या भागाला 'विलंबित' म्हणायचा मोहही टाळा. आपल्या वाचकाला लगेच ठेका आणि आवर्तन ऐकू यायला लागेल. 'संथ' म्हणा, किंवा सरळ 'अडाजिओ दी मोल्तो'.

प्रतिसाद

मी गोव्याचा. आमच्याकडे चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला गेलेल्या वादकांच्या पिढ्या झाल्या. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो अशाच वादकांच्या जोरावर. वाजवणारे 'मूव्हमेंट'च म्हणतात. तो शब्द परका वाटून घेऊ नका.

प्रतिसाद

वादकांच्या बोलण्यात 'मूव्हमेंट' अगदी योग्य. छापील लेखात मात्र 'भाग' लवचीक पडतो. पाचव्या सिंफनीचंच घ्या. ती ८ डिसेंबर १९१५ रोजी, सिबेलियसच्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेलसिंकीत पहिल्यांदा झाली तेव्हा चार भागांची होती. १९१६मध्ये त्याने पहिले दोन भाग जोडले, १९१९मध्ये आजचं रूप ठरलं. 'चाराचे तीन भाग झाले' हे वाक्य मराठीत किती सहज बसतं बघा.

आता तुमचा खरा प्रश्न. 'आवृत्ती' म्हटलं की छापखाना आठवतो: दुसरी आवृत्ती, सुधारित आवृत्ती. आपल्याकडे याहून नेमका शब्द पोथ्यांच्या अभ्यासात आहे: पाठ. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठशुद्धी. एकाच रचनेची शब्दाशब्दांत वेगळी रूपं ती पाठांतरं किंवा पाठभेद. कन्चेर्तोचं प्रकरण तसंच आहे. ८ फेब्रुवारी १९०४ला हेलसिंकीत व्हिक्टर नोव्हाचेकने तो वाजवला, संचालन स्वतः सिबेलियसचं. प्रयोग फसला. सिबेलियसने रचना मागे घेऊन कापली, आवळली, पहिल्या भागातल्या दोन कॅडेन्झांपैकी (एकल वादकाने एकट्याने वाजवायच्या जागांपैकी) एक काढून टाकली. १९ ऑक्टोबर १९०५ला बर्लिनमध्ये कारेल हालिर्झने नवं रूप वाजवलं, संचालक रिचर्ड स्ट्राउस. पुढे जगाने ऐकला तो हाच. व्हायोलिनवादक हायफेट्झने १९३५मध्ये लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि संचालक बीचम यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केला तोही हाच. मूळ रूप सिबेलियसच्या कुटुंबाने राखून ठेवलं होतं. लाहतीच्या वृंदाला ते ध्वनिमुद्रित करायची परवानगी मिळाली, म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. 'मूळ पाठ' आणि 'अंतिम पाठ' म्हणा.

प्रतिसाद

'पाठ' वाचून लोकांना धडा आठवेल, नाहीतर तोंडपाठ.

प्रतिसाद

एकट्या 'पाठ'ला आठवेल. 'मूळ पाठ' जोडीने आला की कुणाची फसगत होत नाही; संतसाहित्य वाचणारा मराठी वाचक तो शब्द ओळखतो. मात्र सातव्या सिंफनीला तो लावू नका. ती २४ मार्च १९२४ला स्टॉकहोममध्ये 'फँतासिआ सिंफोनिका' या नावाने झाली आणि छापताना 'सातवी सिंफनी' झाली. तिथे मुख्य बदल नावाचा आहे, पाठाचा नाही. एकाच सलग भागाच्या रचनेला सिंफनी म्हणायचं की नाही, हे खुद्द रचनाकारालाही ठरवावं लागलं.

प्रश्नकर्ती

खूप आभार. सहसंपादकांना वरची जुगलबंदीवरची टिपण वाचून दाखवली, त्यांनी शब्द मागे घेतला. एक वाक्य तपासाल? 'पाचव्या सिंफनीच्या अंतिम पाठात शेवटचे सहा आघात सुटे येतात, मधे शांतता. मूळ पाठात त्या जागा तंतुवाद्यांच्या थरथरीने भरलेल्या आहेत.'

प्रतिसाद

'आघात'ऐवजी 'कॉर्ड' करा. आघात म्हटलं की तालवाद्य वाटेल, इथे तर अख्खा वृंद एकदम वाजतो आहे. 'शांतता'च्या जागी 'विराम'. ती स्वरलेखनात मोजून लिहिलेली आहे, संचालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. 'थरथर' मात्र ठेवा, 'ट्रेमोलो'ला तो शब्द चपखल बसतो.