रुग्णालयाआधी पाणी तपासा

आपत्तीनंतर शहरात आधी मोठं रुग्णालय उभारावं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जखमींची गर्दी पहिल्या काही दिवसांची. त्यानंतर जुलाब, गोवर, न्यूमोनिया हे छावणीतल्या दाटीतून आणि खराब पाण्यातून येतात. मदतकार्याचे जगभर मानले जाणारे स्फिअर निकष माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि 20 जणांमागे एक शौचालय सांगतात, ते उगाच नाही.

आणि पाणी फक्त टाकीवर तपासून भागत नाही. तंबूतल्या बादलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घ्या, क्लोरीन तपासणीची गोळी टाका. गुलाबी झालं तर जंतू मारणारं क्लोरीन शिल्लक आहे. तसंच राहिलं तर टाकीवरची नोंद काहीही म्हणो, त्या घरातली मुलं धोक्यात आहेत. (उघडी बादली आणि त्यात बुडवलेला हात, बहुतेक वेळा कारण हेच.)

क्षयरोग, मधुमेह, डायलिसिसचे रुग्ण मात्र हमखास विसरले जातात. कागदपत्रं ढिगाऱ्याखाली, औषध बंद. क्षयाच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर औषधाला दाद न देणारा क्षय होऊ शकतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात तंबूतंबूत जाऊन त्यांची यादी करा. हे काम त्याच वस्तीतल्या आरोग्यसेविकांना द्या, पण त्यांचीही घरं पडलीत, त्यांना आधी निवारा आणि वेळेवर पगार द्या.